अन्न नाकारणाऱ्या लेकराशी कसे वागावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सोनगीर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा बक्षीस-समारंभ आटोपल्यावर एखाद्या निवृत्त शिक्षकाने चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची पूर्वापार प्रथा आहे. तिला अनुसरून कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस पाचारण केले आणि ‘शिक्षण व संस्कार’ हा विषयही सुचविला. परंतु या विषयावर याच व्यासपीठावरून आजवर इतके बोलून झाले आहे की, त्यात आमची भर म्हणजे भरल्या घागरीत ओंजळ ओतणेच होय. म्हणून मंडळाची परवानगी घेऊन आम्ही निराळा विषय निवडला. आम्ही जुने मॅट्रिक, पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविलेले. वैद्यकाशी आमचा संबंध काय तो रोगी म्हणूनच. तरीही एका आजाराविषयी बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, याचे कारण आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. खानदेशातीलच एका खेड्यातील शाळेत आम्ही होतो. गाव कोणते, मुलगी कोणाची, हे कोणी विचारू नये. ओळख पटेल अशा खुणा आम्ही मुद्दाम बदलल्या आहेत. शाळेत शिजविलेली खिचडी मिळू लागून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, गणितात कोणासही हार न जाणारी. दिवाळीनंतर ती हळूहळू जेवीनाशी झाली. खिचडी शेजारणीच्या ताटात सारी, उरलेली दप्तरात लपवी. गालफडे बसली, प्रार्थनेला उभी असता दोनदा भोवळ येऊन पडली. आई शाळेत येऊन रडली, “पोर जेवतच नही, गुरुजी.” घरच्यांनी दृष्ट काढली, भगताकडे नेले, गुरुवार धरला, टॉनिकच्या बाटल्या आणल्या. कळण्याची भाकरी, शेवभाजी, भरीत, जे जे तिला आवडे ते ते आईने केले. मुलगी ताटापुढे बसे आणि ताट तसेच राही.

आम्ही शिक्षक. मूल ऐकत नाही म्हणजे हट्ट करते, एवढेच आम्हांस ठाऊक. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर आम्ही तीस वर्गात एकटीलाच बसविले, पुढ्यात ताट ठेवले आणि सांगितले, “हे संपल्याशिवाय उठायचे नाही.” इतर मुले खिडकीतून हसत होती, तिला लाज वाटू नये म्हणून खिडकी लावली आणि दारही लोटून घेतले. आमचा हेतू वाईट नव्हता, हे आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. मुलीने मुकाट्याने घास गिळले. डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण ती ‘नाही’ म्हणाली नाही. ताट संपल्यावर शाळेच्या मागच्या भिंतीशी जाऊन तिने सगळे ओकून टाकले. असे आठ-दहा दिवस चालले, आणि मग ती शाळेतच येईनाशी झाली.

पुढे काही महिन्यांनी तिने आपल्या मावशीपाशी तोंड उघडले. घरातील एक वडीलधारा पुरुष, ज्याच्या शब्दाला गावात मान होता, तो त्या लेकरावर दीर्घकाळ अत्याचार करीत होता. घरी रोज त्याच्याच पंक्तीला तिला बसावे लागे. तो म्हणे, “जेव बेटा,” आणि घरचे म्हणत, बघा, किती जीव लावतात!

आता आमच्या त्या वर्गाकडे वळून पाहा. एक मोठा माणूस, बंद दार, “मी सांगतो म्हणून तू हे करायचे” असा हुकूम, आणि तिच्या स्वतःच्या शरीरावर तिचा कसलाच अधिकार नाही. जे घरी अंधारात घडत होते, त्याचीच छाया आम्ही शाळेत भर दुपारी उभी करीत होतो. हे आम्हांस तेव्हा कळले नाही. कळावयास पुष्कळ वर्षे लागली.

सज्जनहो, या आजाराला आपल्या बोलीत नाव नाही. नाव नसलेल्या दुखण्याला आपण नाटक म्हणतो, खूळ म्हणतो किंवा बाहेरची बाधा म्हणतो. वैद्यकात त्यास खाण्याचे विकार म्हणतात. लंडनचे डॉ. विल्यम गल आणि पॅरिसचे डॉ. लासेग या दोघांनी 1873 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अन्न टाकून झिजत जाणाऱ्या तरुण मुलींची वर्णने प्रसिद्ध केली. गल यांनी दिलेले ‘अनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव आजही चालते. अधाशासारखे खाऊन मग ते बाहेर टाकणाऱ्या रोग्यांचे वर्णन डॉ. जेराल्ड रसेल यांनी 1979 साली केले. त्यास ‘बुलिमिया’ म्हणतात. ओकारी न काढता केवळ अनावर खात सुटणे हा तिसरा प्रकार. हे सर्व श्रीमंतांच्या पोरींचे चोचले आहेत, असा जो समज आहे तो खोटा आहे. मुलगेही यात सापडतात. बारीक दिसण्याची हौसच दर वेळी मुळाशी असते असेही नाही. हाँगकाँग व भारत येथील डॉक्टरांनी नोंदविले आहे की, आपल्याकडील पुष्कळ रोगी ‘मी जाड होईन’ असे म्हणतच नाहीत; पोट जड वाटते, भूक नाही, घास उतरत नाही, एवढेच सांगतात. त्यामुळे घरचे पोटाचीच औषधे करीत बसतात.

आणि हा आजार जीव घेतो. नाडी मंदावते, पाळी थांबते, केस गळतात, हाडे ठिसूळ होतात. वारंवार ओकणाऱ्याच्या दातांवरचे कवच झिजते आणि रक्तातील क्षार इतके घटू शकतात की हृदय एकाएकी बंद पडावे. मनाच्या सर्व आजारांत ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त, अशांपैकी हा एक आहे. ‘वयात आली की आपोआप सुधारेल’ म्हणून वाट पाहणे, हा जिवाशी खेळ होय.

आता मनाच्या जखमेचा आणि अन्नाचा संबंध कसा उमगला, ते सांगतो. अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी हे अतिलठ्ठ माणसांचे वजन उतरविण्याचा एक उपक्रम चालवीत होते. सन 1985 च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की, ज्यांचे वजन उत्तम रीतीने उतरत आहे तीच माणसे उपचार सोडून पळून जातात. हे कोडे सोडविण्यासाठी त्यांनी रोग्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. तेव्हा त्यांतील पुष्कळांच्या बालपणी लैंगिक अत्याचार घडल्याचे निघाले. काहींना वाढलेले शरीर चिलखतासारखे वाटे. ते उतरले की परक्या नजरांपुढे आपण उघडे पडलो, अशी भीती त्यांस ग्रासे. ज्याला डॉक्टर रोग समजत होते, तो रोग्याच्या लेखी उपाय होता! पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्या साहाय्याने सतरा हजारांहून अधिक माणसांची पाहणी झाली व तिचे पहिले निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. बालपणीचे आघात जितके अधिक, तितके मोठेपणी तनामनाचे आजार अधिक, असे त्यात दिसून आले. कोणी अनावर खाऊन स्वतःभोवती भिंत उभारतो, तर कोणी अन्न टाकून. आपल्या देहात आपल्या सत्तेचे एवढेच उरले आहे की तोंड उघडावे की मिटावे, असे त्या लेकरास वाटत असेल, तर ती सत्ताही हिरावून घेणारे आम्ही कोण?

येथे एक खुलासा अत्यावश्यक आहे, नाहीतर हे भाषण ऐकून एखाद्या निरपराध घरावर बोट ठेवले जाईल. अन्न टाकणाऱ्या प्रत्येक मुलावर अत्याचार झालेलाच असतो, असे मुळीच नाही. आनुवंशिकता असते, स्वभाव असतो, परीक्षेचा धसका असतो, घरातील मृत्यू असतो, वर्गातील चेष्टाही असते. आघात हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे. ते पुष्कळांत आढळते, सर्वांत नाही. म्हणूनच नवे शास्त्र काय सांगते? गुपित उकरून काढा असे ते सांगत नाही. प्रत्येक रोग्याशी असे वागा की, त्याच्या मनात जखम असलीच तर आपल्या वागण्याने तिची खपली निघू नये, एवढे ते सांगते. यालाच आम्ही ‘आघाताचे भान ठेवून केलेली शुश्रूषा’ म्हणतो. अमेरिकेच्या सरकारी खात्याने 2014 साली तिची तत्त्वे छापून काढली: रोग्यास सुरक्षित वाटावे, त्याच्याशी खरे बोलावे, त्यास निवड द्यावी, उपचार त्याच्या संगतीने ठरवावेत, वगैरे. तत्त्वे वाचावयास सोपी आहेत. पण प्रत्यक्षात ती फार बारीकसारीक गोष्टींत उतरतात. वजन करावयाचे तर का करावयाचे ते आधी सांगणे. आकडा पाहावयाचा की पाठ करून उभे राहावयाचे ते तिला ठरवू देणे. तपासताना हात लावण्यापूर्वी विचारणे. जवळ कोणी बाईमाणूस हवे का, हे विचारणे. जेवताना शेजारी कोणी बसावे, हेही तिनेच सांगणे. दार उघडे ठेवणे. शेवटची गोष्ट आम्ही स्वतःसाठी सांगत आहोत.

तांब्याचे भांडे घडविणाऱ्या आपल्या वडिलांना हे निराळ्या शब्दांत ठाऊक होते. तांबे ठोकता ठोकता ताठ होत जाते. ताठ झालेल्या पत्र्यावर जो रागाने आणखी घाव घालील, त्याचे भांडे तडकते. जाणता कारागीर तेथे हातोडा खाली ठेवतो, भांडे भट्टीत घालून तापवितो, आणि ते नरम झाले म्हणजे पुन्हा कामास लागतो. आमच्या आजोबांना हे पाचवे पुस्तक न शिकता कळत होते, आणि आम्हांस शिक्षकी पेशात जन्म घालवूनही कळले नाही.

“मग पोरीला उपाशी मरू द्यावे काय?” असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. उपाशी मेंदूस कोणतेही समुपदेशन लागू पडत नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली डॉ. अँसेल कीज यांनी छत्तीस निरोगी, स्वखुशीने आलेल्या तरुणांना अर्धपोटी ठेवून पाहिले. काही महिन्यांत ते तरुण चिडखोर व खिन्न झाले. रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाकक्रिया गोळा करू लागले, एकेका घासाशी तासन् तास खेळू लागले. त्यांच्यावर कोणताही अत्याचार झाला नव्हता. ही सारी करणी भुकेची होती. तेव्हा रोग्याचा जो विचित्र स्वभाव आपणांस दिसतो, त्यातील बराचसा उपासमारीने आणलेला असतो आणि पोषण झाले की ओसरतो. म्हणून अन्न हेच पहिले औषध, यात शंका नाही. मात्र तेही बेताने द्यावे लागते. फार दिवस उपाशी असलेल्यास एकदम पोटभर वाढले, तर रक्तातील क्षारांचा तोल बिघडून तो दगावू शकतो. सन 1945 मध्ये छळछावण्यांतून सुटलेल्या कित्येक कैद्यांचा असा अंत झाला. उपवास सोडताना आधी कण्यांची पेज देणाऱ्या आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. फार खंगलेल्या रोग्याचे पोषण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू व्हावे. जिवावर बेतले असता कधी कधी रोग्याच्या इच्छेविरुद्धही अन्न द्यावे लागते. तेव्हासुद्धा काय करीत आहोत व का, हे तीस सांगून करणे आणि चार जणांनी हातपाय धरून करणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

आईबापांचे स्थानही यात मोठे आहे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात 1980 च्या दशकात जी पद्धत उदयास आली, तिच्यात अल्पवयीन रोग्याच्या जेवणाची जबाबदारी आईबापांकडेच सोपवितात, आणि तिचा गुणही चांगला येतो. पण ज्या घरात जखम झाली त्याच घराच्या पंक्तीला बसवून हा उपाय कसा चालावा? आधी मूल सुरक्षित झाले पाहिजे. मग पंगत.

अशा शुश्रूषेचा आपल्या मराठी मुलुखातील दाखला शोधू लागलो, तेव्हा आम्हांस पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांच्या धर्मांतरावरून आमच्या वाडवडिलांत वाद होत असत. तो वाद आज बाजूस ठेवू. सन 1870 च्या दशकातील दुष्काळाच्या वणवणीत त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भूक काय असते हे त्यांनी स्वतः भोगले होते. सन 1889 मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, ते पुढे पुण्यास नेले. सन 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. दौंडजवळ केडगाव येथे त्यांचे मुक्ती सदन उभे राहिले. या मुली केवळ उपाशी नव्हत्या. दुष्काळात निराधार मुलींना दुष्ट माणसे कशी गाठतात, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले व लिहूनही ठेवले. नव्याने आलेल्या मुलींचा सांभाळ शारदा सदनात आधीपासून राहिलेल्या विधवा करीत, म्हणजे ज्यांनी स्वतः सोसले होते अशाच बाया त्यांच्या उशाशी असत. अन्नापाठोपाठ शाळा आली, विणकाम आले, छापखाना आला, शेती आली. ‘आघाताचे भान’ हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पण भुकेल्या मुलीस भाकरीसोबत निर्भय छप्पर, सोसलेल्या बाईचा हात आणि स्वतःच्या हाताला काम हवे असते, हे केडगावच्या माळावर सव्वाशे वर्षांपूर्वी कोणास तरी उमगले होते. आमच्या खानदेशानेही 1899-1900 चा दुष्काळ भोगला. त्या वेळी येथल्या किती लेकी-सुना अशा कोमेजल्या असतील, त्याची वही कोणी ठेवली नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते काहींना रुचणार नाही. आपली ज्ञाती लहान, सर्वांचे सर्वांशी नाते. अशा ठिकाणी घरातील पाप घरातच मिटवावे, पंचांनी दोन्हीकडची समजूत घालावी, मुलीचे स्थळ बिघडू नये म्हणून मौन धरावे, अशी वृत्ती बळावते. आम्ही सांगितलेल्या घटनेतही मुलीला मावशीकडे पाठविले आणि तो गृहस्थ पूर्ववत पंक्तीचा मान घेत राहिला. हे आम्हांस कळले तेव्हा आम्हीही काही केले नाही, हेही आज कबूल करतो. तेव्हा बालकांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता, ही सबब आम्ही मनाशी पुष्कळ वेळा उगाळली. ती पटत नाही. आज तर तीही उरली नाही. सन 2012 च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील मुलामुलीवरील अत्याचाराची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीने ती पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे. पंचांस ते प्रकरण मिटविण्याचा अधिकार नाही. ज्यांस भीती वाटते की पोर कचेरीत उभी राहील, तिची अब्रू जाईल, त्यांनी हेही जाणावे: मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला रुचेल त्या जागी घ्यावयाचा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यावयाचा, जबाब घेणाऱ्याने गणवेश घालावयाचा नाही, आणि मुलाचे नाव-गाव छापावयाचे नाही, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांनाही त्या दाराची जाण होती म्हणावयाची!

उपचारासाठी धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपणांस जवळचे. तेथील मानसोपचार विभागात दाखविण्यात कसलीही लाज नाही. या विकाराचे खास जाणकार मुंबई-पुण्याबाहेर थोडेच, हे खरे; परंतु नाडी, रक्त व वजन तपासून धोका ओळखणारा डॉक्टर येथेही भेटतो, आणि तेथूनच प्रारंभ करावयाचा असतो. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी सरकारने ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस ही फोनसेवा चालू केली आहे, तिचा क्रमांक 14416. आणि संकटातील मुलांसाठी 1098. हे दोन्ही आकडे घरातील भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

एक विनंती मंडळास. आपल्या वधूवर-सूचीत मुलीच्या नावापुढे ‘बांधा सडपातळ’ असे छापण्याची रीत पडली आहे, आणि मुलगी पाहावयास गेलेली मंडळी पोह्याची बशी हाती घेऊन तिच्या अंगकाठीची चर्चा तिच्यासमोर करतात. तो रकाना पुढील अंकापासून काढून टाकावा. रकाना काढल्याने आजार जाणार नाही. पण तो ठेवल्यानेही कोणाचे लग्न जमलेले आम्ही पाहिले नाही.

त्या मुलीविषयी आपण मनात विचारीत असाल. मावशीने तिला शिकविले, एका समजूतदार डॉक्टरीणबाईंचे उपचार पुष्कळ दिवस चालले. मध्ये दोनदा दुखणे उलटलेही. आमच्या निवृत्तीच्या समारंभास ती आली होती. सर्व पांगल्यावर आम्ही त्या खिचडीच्या ताटाबद्दल तिची क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “गुरुजी, ताटाचं मला फारसं आठवत नाही. तुम्ही दार लावलंत, ते आठवतं.” आणि मग म्हणाली, “तुम्ही एकदा विचारलं असतं ना, की काय झालं, तर बहुतेक मी सांगितलं नसतंच. पण विचारलंत, हे लक्षात राहिलं असतं.”

आम्ही बराच वेळ घेतला. बाहेर पाने मांडून झाली आहेत. आज पंगतीत कोणासही आग्रह करू नये, लहान मुलांस तर नकोच, अशी विनंती आम्ही वाढणाऱ्या मंडळींस सकाळीच केली आहे. त्यांनी ती हसून मान्य केली. पाळतात की नाही, ते आता पाहू.